आपाची फुंकर

सीरगाने सासूला सांगितलं, की प्रयोगशाळेत म्हाताऱ्या माणसांचे श्वास कमी पडतायत, तेवढी मदत कराल का. यात एकही शब्द खोटा नव्हता. हेतू मात्र सगळाच खोटा होता.

"माझा श्वास?" आपा म्हणाली. सासूला ती आपा म्हणायची, म्हणजे आईच. "तो तर शाळेत पोरांवर ओरडण्यात संपला. उरलासुरला चालेल का?"

"उरलासुरलाच हवाय," सीरगा म्हणाली आणि हसली. 

पर्समधून तिने ती करडी डबी काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. मुठीत मावेल एवढी, एका बाजूला पांढरी नळी. आत नखाएवढी एक पट्टी, तिच्यावर कथलाच्या भस्माचा थर, आणि ती पट्टी सारखी तापलेली. माणूस उपाशी राहिला की शरीर आपलीच चरबी जाळायला घेतं, आणि त्या जळण्यातून ॲसिटोन सुटून श्वासावाटे बाहेर पडतो, इतका थोडा की नाकाला पत्ता लागत नाही. पट्टीला लागतो. मग डबीच्या काचेवर आकडा चढतो. मधुमेहाच्या माणसाने इन्शुलिनची सुई चुकवली, तर तो जरा जास्तच चढतो. बोटं टोचून टोचून चाळण झालेल्या लोकांना नुसती फुंकर मारून आपली तब्येत कळावी, म्हणून बिश्केकच्या एका संस्थेत सीरगा आणि तिचे वरिष्ठ कुबात-बायके गेली काही वर्षं या डबीच्या मागे लागले होते. आठवडाभरात बाहेरदेशचे पाहुणे ती बघायला येणार होते. सीरगाने हे घरीही सांगितलं होतं, जरा फुशारकीनेच.

पण आज तिला पाहुण्यांचं काही पडलं नव्हतं. रोज्यांचा महिना चालू होता, आणि आपा गुपचूप रोजे धरतेय अशी तिच्या मनात पाल चुकचुकत होती.

गेल्या वर्षी याच महिन्यात आपा अंगणात तंदूरजवळ कोसळली होती. हातातली भाकरी हातातच राहिली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, की हिचा मधुमेह उपासाचा नाही, सुई वेळच्या वेळी गेली पाहिजे, पुढच्या वेळी कदाचित इथवर आणायचीही वेळ येणार नाही. आपाने मान डोलावली. यंदा पहिल्याच दिवशी सकाळी सगळ्यांसमोर बसून तिने चहा प्यायला, पियाला पालथा करून दाखवला, आणि म्हणाली, झालं समाधान? सगळ्यांचं झालं. सीरगाचं नाही झालं. मुलगा-सून कामाला गेल्यावर दिवसभर घर आपाचं होतं. दुपारसाठी झाकून ठेवलेली भाकरी संध्याकाळी कमी झालेली असायची खरी, पण कुत्रा मात्र दिवसेंदिवस गोल होत चालला होता. साखर मोजायचं यंत्र आणि सुया आपाने आपल्या पेटीत कुलपात ठेवल्या होत्या. साखर किती आली असं मुलाने, उरमातने, विचारलं, की ती म्हणायची, चांगली आली.

चांगली म्हणजे किती, हे सुनेने विचारायचं नसतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून सीरगाने आपाचा शब्द खाली पडू दिला नव्हता, तिच्याकडे पाठ करून कधी बसली नव्हती, आणि तिला उलटून प्रश्न तर कधीच केला नव्हता. आपा वाईट होती असं मुळीच नाही. सीरगाला शिकायला पाठवताना गावात जे काही बोललं गेलं, ते सगळं आपाने अंगावर घेतलं होतं. म्हणून तर विचारणं आणखी अवघड होतं.

तेव्हा तिने विचारलं नाही. डबी आणली.

ती जेवणाचा दस्तरखान घालायच्या तयारीसाठी स्वयंपाकघरात गेली. आपा रोजच्यासारखी अर्चाची, डोंगरातल्या त्या उग्र वासाच्या झुडपाची, वाळकी डहाळी लोखंडी कालथ्यावर पेटवून घरभर फिरत होती, उंबऱ्यांवर, पाळण्याच्या रिकाम्या कोपऱ्यावर, खिडक्यांवर धूर देत, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत. मग हात धुऊन ती आली आणि सीरगाने सांगितलं तशी नळीत फुंकर मारली, लांब, शेवटपर्यंत, डोळे मिटून. शाळेत कवायत घेणाऱ्या बाईसारखी.

आकडा चढला. चढतच गेला.

त्या दिवशी दुपारी सीरगाने स्वतः प्रयोगशाळेत फुंकर मारून पाहिली होती. तिचा रोजा होता, पहाटेपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. आपाचा आकडा तिच्या कितीतरी पट होता.

"आलं का काही कामाला?" आपाने विचारलं.

"आलं," सीरगा म्हणाली. तिने डबी पर्समध्ये टाकली आणि सूर्य मावळल्यावर सगळ्यांना चहा ओतला. आपाच्या पियाल्यात अर्धाच, रीतीप्रमाणे. भरलेला पियाला म्हणजे आता उठा आणि चालू लागा. आपल्या माणसाला अर्धा द्यायचा, म्हणजे तो पुन्हा मागतो, पुन्हा द्यायचा, आणि बसणं लांबतं. आपाने त्या रात्री तीनदा मागितला. तहानलेल्या माणसासारखी मागते आहे, असं सीरगाला वाटलं. मग वाटलं, आपल्याला आता प्रत्येक गोष्टीत तेच दिसणार.

दुसऱ्या संध्याकाळी आकडा आणखी वर गेला. सीरगाला जेवण गोड लागेना, कामात लक्ष लागेना, मार्श्रुत्कात, त्या गच्च भरलेल्या छोट्या बसमध्ये, बसल्यावर आपण कुठे उतरायचं हेही ती विसरली आणि पुढच्या थांब्यावरून चालत आली. घरी ती आपाच्या हालचालींवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवू लागली. आपाचे ओठ कोरडे आहेत का. पाय ओढतेय का. बोलताना थांबतेय का. आपल्याच सासूवर आपण पहारा बसवलाय, हे तिला कळत होतं आणि थांबवताही येत नव्हतं. तिसऱ्या संध्याकाळीही आकडा तसाच चढला, तेव्हा तिने नवऱ्याला गाडीच्या बॉनेटखालून बाहेर ओढलं आणि सगळं सांगितलं.

इथे तिची चूक झाली. उरमात गाड्या दुरुस्त करायचा, माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या पोटात गोष्ट टिकायची नाही. सूर्य मावळला, खजूर तोंडात पडला, आणि तो शोर्प्याच्या रश्शाचा पहिला घोटही न घेता म्हणाला, "आपा, तू रोजे धरतेयस. खोटं बोलू नकोस. सीरगाच्या यंत्राने पकडलंय."

आपाचा चमचा वाटीत राहिला. तिने उरमातकडे पाहिलंच नाही. तिने सुनेकडे पाहिलं.

"म्हणजे ते माझ्यासाठी होतं," ती म्हणाली. "कामासाठी नव्हतं."

उरमात डॉक्टरीणबाईंचं, गेल्या वर्षीचं, काय काय बडबडत राहिला. आपाने हात वर केला तसा तो गप्प झाला.

"मी शाळेत लागले तेव्हा रोजे धरायला सरकारी बंदी होती, आणि आमच्याकडे एक मुख्याध्यापिका होती," आपा म्हणाली. आवाज चढला नव्हता, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा तेवढाच होता. "रोज्यांचा महिना आला की रोज दुपारी ती आम्हाला खोलीत बोलवायची. लाडाने हं. या, दमला असाल, चहा घ्या, कामाला जोर येईल. ग्लास काठोकाठ भरलेला. आणि समोर बसून बघायची, शेवटच्या घोटापर्यंत. जी पिणार नाही तिचं नाव वर जायचं. मला उरमात होता, याचे वडील खाणीत काम करून आजारी. मी प्यायले. इतकी वर्षं प्यायले. आभारही मानायचे तिचे." ती थांबली. "सूनबाई, तीसुद्धा कामासाठीच म्हणायची."

ती उठली आणि आपल्या खोलीत गेली. कुणी जेवलं नाही. उरमातने बायकोला विचारलं, मी काय वाईट बोललो. त्याचं खरंच काही चुकलं नव्हतं. जे काही वाईट होतं ते तिनेच पर्समध्ये घालून घरात आणलं होतं.

सकाळी ती संस्थेत पोचली तेव्हा कुबात-बायके कपाटाआड चहा पीत होते. ते रोजे धरायचे नाहीत, पण धरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खायचेही नाहीत, त्यामुळे महिनाभर ते कपाटाआडच राहत. पाहुण्यांसाठी डबी तपासायची होती. त्यांनी ती घेतली, नळीला शुद्ध हवेची पिशवी लावली, आणि काचेकडे बघत बसले. आकडा शून्यावर यायला हवा होता. येईना.

"घरी वापरलीस?"

"हो."

"आधी कोरी हवा घेतली होतीस?"

आधी कोरी हवा, मग श्वास. कोऱ्या हवेचा आकडा श्वासातून वजा केल्याशिवाय श्वासाला काही अर्थ नाही. हे ती नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवायची, नाही ऐकलं तर बोलायचीही. आणि घरी मात्र एकदाही केलं नव्हतं. आपासमोर पिशवी, नळ्या, पाच मिनिटांचा खटाटोप करायचा, तर हे काय आणि ते काय असं तिने विचारलं असतं. तेवढं धैर्य सीरगात नव्हतं. झटकन फुंकर मारून घ्यावी आणि नजर चुकवावी, एवढंच तिला सुचलं होतं.

कुबात-बायक्यांनी नळी काढून नाकाशी धरली आणि मोठ्याने हसले. "अर्चा! अगं, कुणी यंत्राची दृष्ट काढली? पट्टीपर्यंत धूर गेलाय. धुरात ॲसिटोनही असतो आणि आणखी छप्पन्न भानगडी. याला आता घोड्याने फुंकर मारली तरी घोडा उपाशी दिसेल."

सीरगाने नळी हुंगली. खरंच, अर्चा. तिच्या घराचा वास. पडद्यांना, उशांना, तिच्या स्वतःच्या केसांना येणारा. म्हणून तर तिला तो कधी आलाच नव्हता. वासाचा कण न् कण पकडायचा हा तिचा धंदा, आणि स्वतःच्या घराचा वास तिच्या नाकाखालून निसटला होता. तिला डोळ्यासमोर दिसलं, आपण स्वयंपाकघरात असताना आपा खिडकीशी थांबली असेल, पाहुणे येणार आहेत, लोकांची नजर वाईट, म्हणून त्या डबीवरूनही कालथा फिरवला असेल, अगदी नळीत धूर जाईल असा, आणि सुनेच्या नावाने दोन शब्द पुटपुटली असेल. तीन संध्याकाळी तिने आपल्या सुनेला आशीर्वाद दिला होता आणि सुनेने तोच आशीर्वाद मोजून तिच्यावर आळ घेतला होता.

तिला रडू आलं आणि त्याच वेळी इतकं हायसं वाटलं, की ती खुर्चीवर बसलीच. आपा रोजे धरत नव्हती. आपा ठीक होती. आता फक्त पाय धरायचे आणि माफी मागायची.

कुबात-बायक्यांना तिने काय घडलं ते थोडक्यात सांगितलं. ते हसायचे थांबले. त्यांनी स्वतःच जुनी पट्टी काढली, नवी बसवली, कोरी हवा सोडत राहिले, आकडा शून्यावर आला तेव्हा डबी तिच्या हातात ठेवली.

"घाई करू नकोस," ते म्हणाले. "बिघडलेलं यंत्र हो म्हणत नाही, तसं नाहीही म्हणत नाही. कालपर्यंत तुला काही माहीत नव्हतं. आजही नाहीये."

हे तिला ऐकायचं नव्हतं. ती लवकर निघाली. मार्श्रुत्कात उभ्याने माफीची वाक्यं जुळवत राहिली, पण त्यांच्यामध्ये कुबात-बायक्यांचं वाक्य येऊन बसायचं. आकडा खोटा होता. मग गोल झालेला कुत्रा? तीनदा मागितलेला चहा? पेटीचं कुलूप? उतरेपर्यंत तिचं हायसं वाटणं पार विरून गेलं होतं आणि पावलं आपोआप भराभर पडू लागली होती.

आपा अंगणात लाकडी बाजेवर बसली होती. आज धूर नव्हता. कालथा भिंतीशी थंड पडला होता. बर्फाच्या डोंगरांवर अजून ऊन होतं. बाजूला दस्तरखान मात्र नेहमीसारखा मांडून ठेवलेला, भाकरी, साय, वाळके जर्दाळू, आणि शेगडीवर किटली. रागावलेली असली तरी घरातल्या रोजेदारांचं जेवण तिने चुकवलं नव्हतं.

सीरगा तिच्यासमोर जमिनीवरच बसली आणि सगळं सांगितलं. धूर, नळी, पट्टी, कोरी हवा. आपल्या हातून काय झालं आणि ते का झालं. माफ करा म्हणाली. आपाने ऐकून घेतलं. मध्येच तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू हललं.

"तुझ्याच डबीला नजर लागू नये म्हणून केलं गं मी," ती म्हणाली. "म्हणजे माझ्याच धुराने मला पकडून दिलं?" मग जरा वेळाने, "मग आता मी सुटले म्हणायची?"

हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. दोघी हसल्या असत्या, रात्री उरमातची चेष्टा केली असती, घर पहिल्यासारखं झालं असतं. सीरगाला ते इतकं हवं होतं, की तिचं तोंड उघडलंसुद्धा. पण तिची नजर आपाच्या हातांवर होती. आपा डोक्याच्या रुमालाची गाठ सोडायला बघत होती आणि बोटं पुन्हा पुन्हा गाठीवरून घसरत होती. बसल्या जागी तिचा श्वास खोल आणि भरभर चालला होता, चढ चढून आल्यासारखा. त्यासाठी कुठल्याही डबीची गरज नव्हती.

सीरगाने नवी पट्टी घातलेली डबी पर्समधून काढली आणि दस्तरखानाच्या कडेला ठेवली, पलीकडे, दोघींच्याही हाताला लागणार नाही अशी.

"हिला मी विचारणार नाही," ती म्हणाली. "तुम्हालाच विचारते, आपा. पहिल्यांदा हेच करायला हवं होतं. तुम्ही रोजे धरताय का? सुई घेता का? सांगाल ते मी खरं मानेन, उरमातलाही तेच सांगेन. पण मला भीती वाटते. तुम्ही जाल अशी मला फार भीती वाटते."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता उठून जातील. नाही तर झापतील. तिने मान खाली घातली.

कुत्रा येऊन आपाच्या पायाशी आडवा झाला.

"त्या मुख्याध्यापिकेने कधी विचारलं नाही," आपा म्हणाली. "नुसता ग्लास पुढे करायची. तिने एकदा जरी विचारलं असतं ना, की बाई, तुझा रोजा आहे का, तर मी बहुतेक हो म्हणाले असते. मग होऊ दे काय व्हायचं ते." तिने श्वास घेतला. "ते सगळे रोजे राहिलेत गं माझे. तेच फेडतेय. सुई टोचली की रोजा मोडतो, म्हणून दिवसाची सुई घेत नाही. भाकरी याला घालते."

रुमालाची गाठ तिला सुटेचना. सीरगाने पुढे होऊन ती सोडली. आत पेटीची किल्ली होती. आपाने ती तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटली.

"सुई आण. डॉक्टरीणबाईला फोन लाव, ती ओरडेल ते ऐकून घेऊ. आणि आधी चहा ओत."

"आपा, अजून सूर्य—"

"मला दिसतोय सूर्य. तुझा रोजा तू पुरा कर. मला ओत."

सीरगाने किटली उचलली. तिची नजर आपाच्या चेहऱ्यावरच होती, आणि पियाला काठोकाठ भरला, बशीत सांडला.

आपाने त्याच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"एवढा नको भरूस, पोरी," ती म्हणाली. "मला काही कुठं जायचं नाहीये."

सीरगाने अर्धा चहा परत किटलीत ओतला आणि पियाला दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.